सहा पिढ्या जास्तीच्या

आमचे लोक मुळात कुठले, यावर आमच्याकडे पन्नास वर्षं भांडण चालू आहे, आणि भांडणारे दोघे एकाच गल्लीत, समोरासमोरच्या इमारतींत राहतात. एक माझे वडील, आप्पा. दुसरे डॉक्टरकाका, आप्पांचे लांबचे चुलतभाऊ. आप्पांचं म्हणणं असं, की आपण ब्राह्मण हजार वर्षांपूर्वी डोंगर ओलांडून इकडे आलो, राजाने बोलावलं म्हणून आलो, मानाने आलो. डॉक्टरकाकांचं म्हणणं, आपण त्यानंतर दीडशे वर्षांनी आलो, समुद्राने आलो, आणि कोणी बोलावलं वगैरे नव्हतं. यात एवढं पेटण्यासारखं काय आहे ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. मला एकसष्ट वर्षं घरात राहूनही नीटसं कळलेलं नाही.

तसा मूळ वाद याहून पुष्कळ मोठा. आधी घोडे आले की आधी भाषा आली, आलेले लोक किती होते, ते येतानाच ब्राह्मण होते की इथे येऊन झाले, की कोणी आलंच नाही आणि सगळे इथलेच, यावर आप्पांकडे दोन कपाटं भरून पुस्तकं आहेत. ती पुसायचं काम माझ्याकडे. मध्यंतरी काही तरुण मंडळी आली होती. आपण कुठूनही आलेलो नाही, पहिल्यापासून इथेच होतो, असं आप्पांनी लिहून द्यावं अशी त्यांची इच्छा होती. आप्पांनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं. "आलो हे नक्की," ते म्हणाले, "कधी आणि कुठून, एवढंच बोला." मग माझ्या धाकट्या भावाने परदेशातून थुंकी तपासायचे दोन डबे पाठवले, एक आप्पांना, एक डॉक्टरकाकांना. आप्पांनी हात लावला नाही. माझे पूर्वज माझ्या तोंडात नाहीत, कागदात आहेत, म्हणाले. डॉक्टरकाकांनी मात्र उत्साहाने पाठवली. उत्तर आलं ते असं: थोडं डोंगरापलीकडचं, थोडं किनाऱ्याकडचं, आणि निम्म्याहून जास्त इथल्या आजूबाजूच्या सगळ्यांसारखंच. दोघांनीही आपणच जिंकलो म्हणून गल्लीत सांगितलं. त्या निम्म्याहून जास्तीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

मी एका छापखान्यात प्रुफं तपासते. औषधांची पत्रकं, कायद्याची पुस्तकं, शाळांच्या वह्यांची वेष्टणं, जे येईल ते. निवृत्तीचं वय होऊन गेलं, पण मालकांना दुसरं कोणी मिळत नाही आणि मला घरी बसायचं नाही. गेले आठ महिने माझ्या टेबलावर आप्पांचा ग्रंथ आहे. सहाशे चाळीस पानं. आप्पा अठ्ठ्याऐंशीचे आहेत, मोजणी खात्यात बत्तीस वर्षं जमिनी मोजल्या, आणि निवृत्तीनंतर पूर्वज मोजले. हा ग्रंथ हातात घेऊन मगच मरायचं, असं ते रोज एकदा तरी म्हणतात, जणू मी अडवून धरलंय.

ग्रंथाचा कणा म्हणजे अकरावं प्रकरण, आमची वंशावळ. मूळपुरुषापासून आप्पांच्या आजोबांपर्यंत एक्केचाळीस पिढ्या. एका पिढीला पंचवीस वर्षं धरायची, की झाली हजारावर पंचवीस. आप्पांचा डोंगर, राजा, मान, सगळं या गुणाकारावर उभं आहे. या नावांचं मूळ हस्तलिखित, ज्याला आमच्यात नुसतं बाड म्हणतात, थोरल्या पातीकडे असतं, म्हणजे डॉक्टरकाकांकडे. पन्नास वर्षांपूर्वी आप्पांनी ते एका दिवसासाठी मागून आणलं होतं आणि त्याची नक्कल करून परत दिलं होतं.

एकतीस वर्षांपूर्वी ज्ञातीची सभा भरली होती. डॉक्टरकाका बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "होडीत चढताना आपले पूर्वज कोण होते देव जाणे, उतरले तेव्हा मात्र ब्राह्मण होते." सभा खो-खो हसली. आप्पांचा चेहरा मी पाहत होते. मी त्यांच्या शेजारीच वही मांडीवर घेऊन बसले होते. ते उठले आणि एक्केचाळीस पिढ्यांचा हिशेब मांडायला लागले. डॉक्टरकाका म्हणाले, "एक्केचाळीस कुठल्या? बाडात पस्तीस आहेत." आप्पा म्हणाले, "मग सहा तू फाडल्यास."

एवढंच. त्यानंतर दोघे बोलले नाहीत. पण गोष्ट तिथे थांबली नाही. आप्पांचा शब्द गल्लीत वजनदार होता. काही घरांनी डॉक्टरकाकांकडे औषधाला जाणंही सोडलं. जो वाडवडिलांची पानं फाडतो त्याच्या गोळीचा काय भरवसा, असं बायका जिन्यात बोलायच्या. त्यांची बायको माझ्या आईची मैत्रीण होती. तीही यायची थांबली, आणि आई गेली तेव्हा गल्लीच्या टोकाला उभी राहून परत गेली. आप्पा त्यांना घरात "तो गोळ्यावाला" म्हणायचे. आणि आता अकराव्या प्रकरणात छापून येणार होतं: "मूळ बाड ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी त्यातील सहा पिढ्यांची पाने काढून टाकली, असे मानण्यास सबळ कारण आहे." हे वाक्य मी चार वेळा तपासलं होतं. चारही वेळा फक्त स्वल्पविराम पाहिला.

सोमवारी दुपारी मी पाण्याच्या पंपाचं माहितीपत्रक वाचत होते, तेवढ्यात टेबलावर काठी टेकल्याचा आवाज झाला. डॉक्टरकाका. एका हातात कापडी पिशवी. धापा टाकत होते.

"ओळखलंस का?"

"काका, समोर तर राहता."

"काय?" त्यांनी कानामागे हात धरला.

"समोर राहता म्हटलं!"

"राहतो खरा. पण एकतीस वर्षांत बोलली नाहीस, म्हणून विचारलं."

मी खुर्ची पुढे केली. ते बसले, पिशवीतून कापडात गुंडाळलेलं बाड काढलं आणि पंपाच्या पत्रकावर ठेवलं.

"गुरुवारी चार वाजता निघतोय. मुलगा न्यायला येतोय, कायमचा. दोन बॅगा आणा म्हणतो. हे त्यात बसत नाही, आणि बसलं तरी त्याला हे कशाशी खातात ते माहीत नाही. बापाला दे तुझ्या."

"काका, ते घेतील की नाही..."

"घेईल. तीस वर्षं डोळा आहे त्याचा याच्यावर. पण आधी मोज. माझ्यासमोर मोज. नाहीतर म्हणेल, देतानासुद्धा चार फाडून दिली."

मी मोजायला लागले. पानांवर जुन्या शाईत क्रमांक होते, एकामागे एक, मधे खंड नाही. शिवणीचा दोरा अखंड होता. एक पान जरी गेलं असतं तरी त्याचं जोडपान दुसऱ्या बाजूने सुटं झालं असतं. तीस वर्षं कागद हाताळतेय, एवढं कळतं मला. नावं मोजली. पस्तीस.

"पुन्हा मोज," ते म्हणाले. "तू त्याची मुलगी आहेस."

पुन्हा पस्तीस.

"त्याने पुस्तकात काय लिहिलंय ते मला कळलंय," ते काठी धरून उठता उठता म्हणाले. "मला त्याच्याकडून काही नको. माझं झालं सगळं. पण नातवंडं आहेत गं. उद्या कोणी वाचून त्यांना विचारलं, तुमचा आजा चोर होता का, तर ती काय सांगतील? त्यांना तर पिढ्या म्हणजे काय तेही माहीत नाही."

ते गेले. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर काठीचा आवाज येत होता, आणि मधे मधे बराच वेळ येत नव्हता.

आप्पांची नक्कल, म्हणजे ती जुनी वही, मूळ प्रत म्हणून माझ्याच टेबलावर होती. प्रुफं वहीशी तंतोतंत जुळत होती, आणि प्रुफं तपासणाराचं काम तिथे संपतं. वही कशावरून लिहिली ते पाहायचं नसतं. मी वही आणि बाड शेजारी शेजारी ठेवलं आणि एकेका नावावर पट्टी ठेवत निघाले. पहिली बारा नावं जुळली. तिथून पुढे आमच्या घराण्याची जुनी खोड सुरू होते: आजोबाचं नाव नातवाला. त्यामुळे दोनच नावं आळीपाळीने येत राहतात, बापाचं, मुलाचं, पुन्हा बापाचं, पुन्हा मुलाचं. बाडात अशी दहा नावं होती. वहीत सोळा होती. त्यापुढची पुन्हा सगळी बिनचूक.

वहीतलं अक्षर गोल, मोठं, शाळकरी. माझं. मी अकरा वर्षांची होते.

त्या सबंध दिवसातलं मला फार आठवत नाही, पण जेवढं आठवलं तेवढं एकदम आठवलं. आप्पा नावं सांगत होते आणि मी लिहीत होते. उन्हाळ्याची सुट्टी होती, मैत्रिणी खाली खेळत होत्या, आणि माझं अक्षर चांगलं ही माझी चूक होती. मधेच दार वाजलं. डॉक्टरकाकाच होते; तेव्हा दोघांची घट्ट मैत्री होती. बाड नीट हाताळताय ना, ते पाहायला आले होते. मग बसले, आणि डोंगर की समुद्र यावर दोघांची दोन तास जुंपली. हसत, एकमेकांच्या मांडीवर थापा मारत. ते गेल्यावर आप्पांनी विचारलं, "कुठवर आलो होतो गं?" मी शेवटचं लिहिलेलं नाव सांगितलं. बरोबर सांगितलं. ते नाव त्या पानावर पाच ठिकाणी होतं. आप्पांनी बोट ठेवलं ते वरच्या ठिकाणी, कसरीने खाल्लेल्या भोकाच्या अगदी शेजारी. आधी त्यांचं बोट पानाच्या पार तळाशी होतं. मला दिसलं. मी पेन धरून तशीच बसले, त्यांनी पुढचं नाव सांगितलं, आणि मी लिहिलं.

आप्पांनी नंतर वही दोनदा मोजली होती, हेही आठवलं. मोजणी खात्याचा माणूस, दोनदा मोजल्याशिवाय सोडायचा नाही. वही दोनदा मोजली. बाडातली नावं एकदाही नाही.

आणि सभेत, डॉक्टरकाका "पस्तीस" म्हणाले तेव्हा, माझ्या मनात काही हललं का? हललं. खोटं कशाला सांगू. बोट, भोक, काहीतरी चमकून गेलं, आणि मी वहीचं पान उलटून दुसरीकडे पाहिलं. तीस वर्षांची घोडी होते मी तेव्हा.

सोमवारी संध्याकाळी मी बाड आप्पांच्या टेबलावर ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं. ते खिडकीशी बसले होते. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेले नाहीत; खिडकी हीच त्यांची गल्ली.

"पस्तीस आहेत," मी म्हटलं. "पान एकही गेलेलं नाही. आपल्या वहीत सहा दुबार आहेत."

"त्याने तुला काय खायला घातलं?"

"आप्पा, तुम्हीच मोजा. ते गुरुवारी चारला जातायत, कायमचे."

"जाऊ दे की."

पण भिंग मागून घेतलं. मंगळवारी मी कामावर जाताना ते मोजत होते, आणि परत आले तेव्हाही मोजत होते. जेवायला उठले नाहीत, ताट तिथेच नेलं. बुधवारी सकाळी पाहिलं तर त्यांनी दोरा तपासला होता, पानांची जोडी लावून पाहिली होती, आणि एका कागदावर थरथरत्या अक्षरात दोन रकाने केले होते. शेवटी एका रकान्याखाली पस्तीस आणि दुसऱ्याखाली एक्केचाळीस. पस्तीसाखाली दोन रेघा होत्या. मला वाईट वाटलं. सांगून टाकलं याचं नाही. पण अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी माणसाच्या पायाखालचा डोंगर असा काढून घ्यावा लागतो, याचं.

बुधवारी संध्याकाळी म्हणाले, "कागद घे. तळटीप सांगतो."

मी कागद घेतला. पन्नास वर्षांची सवय, हात आपोआप पुढे झाला.

"लिही. प्रस्तुत वंशावळीच्या नकलेत..." ते थांबले. "नकलेत, लेखनिकाच्या अनवधानामुळे, सहा पिढ्या दुबार नोंदल्या गेल्या असल्याचे..."

मी "नकलेत" पर्यंत लिहिलं होतं. पेन खाली ठेवलं.

"काय झालं?"

"लेखनिक म्हणजे मी."

"मग? अक्षर कोणाचं आहे? नाव थोडंच घालतोय तुझं. लेखनिक म्हटलंय."

"आप्पा, तुम्ही सांगितलंत तेच मी लिहिलं. डॉक्टरकाका आले होते त्या दिवशी, आठवतंय? तुम्ही दोघे दोन तास भांडलात. नंतर तुम्ही कुठवर आलो विचारलंत, मी बरोबर सांगितलं, आणि तुम्ही बोट वरच्या नावावर ठेवलंत. भोकापाशी. मी पाहिलं."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. "पन्नास वर्षांपूर्वीचं बोट आठवतंय तुला."

"आठवतंय."

"आणि फाडल्याचं वाक्य?" मीच पुढे विचारलं. "ते कुठे काढताय तुम्ही या तळटिपेत?"

"ते ओघाने निघतंच. सहा पिढ्या नव्हत्याच म्हटल्यावर..."

"ओघाने नाही निघत. छापलेलं ओघाने कधी निघत नाही. माझा धंदा आहे तो." माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणता येईना. "एका माणसाला एकतीस वर्षं चोर म्हटलंत. आई गेली तेव्हा काकू घरात येऊ शकल्या नाहीत. आणि आता लेखनिकाचं अनवधान? मी नाही लिहिणार हे. तुम्हाला छापायचं असेल तर दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या."

असं मी त्यांच्याशी जन्मात बोलले नव्हते. आप्पांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मी आत जाऊन भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली.

गुरुवारी मी रजा टाकली. कशासाठी ते मालकांना सांगता आलं नाही. दुपारभर आम्ही दोघं एका घरात होतो आणि कोणी कोणाशी बोललं नाही. साडेतीनला समोर टॅक्सी येऊन उभी राहिली. मी आप्पांच्या मागे जाऊन उभी राहिले. डॉक्टरकाकांच्या मुलाने एक बॅग आणून ठेवली. मग दुसरी. दोनच.

"बूट दे माझे," आप्पा म्हणाले.

"आप्पा, जिना..."

"बूट दे म्हटलं ना."

बुटांवर दोन वर्षांची धूळ होती. मी फडक्याने पुसून त्यांच्या पायात घातले. एका बाजूने कठडा, दुसऱ्या बाजूने मी, असे आम्ही निघालो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्या दहा पायऱ्या बऱ्या गेल्या. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी भिंतीला पाठ लावून श्वास घेतला. तिथून खाली अर्धा जिना उतरलो आणि वळणावरच्या मोकळ्या जागेत त्यांचे गुडघे गेले. पडले नाहीत, मी धरलं आणि हळूच पायरीवर बसवलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

"नाही जमत पुढे," ते म्हणाले. "तू जा. त्याला बोलाव."

मी धावत खाली गेले. म्हणजे एकसष्टाव्या वर्षी जेवढं धावता येतं तेवढं. डॉक्टरकाका टॅक्सीचं दार धरून उभे होते, मुलगा घड्याळ बघत होता.

"काका, आप्पा जिन्यात आहेत. खाली येतच होते. येऊ शकत नाहीत. तुम्ही जरा..."

"बाबा, गाडी चुकेल," मुलगा म्हणाला.

"दुसरी असते," डॉक्टरकाका म्हणाले आणि काठी टेकत रस्ता ओलांडून आमच्या जिन्याच्या तोंडाशी आले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, कठडा धरला, आणि थांबले. छातीवर हात ठेवून वर बघत राहिले.

"माझ्याच्याने चढवत नाही गं. मागच्या महिन्यात मीच मला मनाई केलीये." मग त्यांनी मान मागे टाकली आणि जिन्याच्या पोकळीत ओरडले, "अरे! आहेस का?"

"आहे!" वरून आवाज आला.

"बोल मग! टॅक्सी थांबलीये!"

मी अर्धा जिना चढून दोघांच्या मधे उभी. वर बघितलं तर आप्पांचे बूट दिसत होते, खाली बघितलं तर डॉक्टरकाकांचं टक्कल.

"पस्तीस!" आप्पा ओरडले.

"काय?"

"पस्तीस! तुझ्या बाडात पस्तीसच आहेत!"

पहिल्या मजल्यावर एक दार उघडलं. मग दुसऱ्यावर.

"सहा मी दुबार सांगितल्या!" आप्पांचा आवाज फाटत होता. मोजणी खात्यात शेताच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हाका मारायचे, तसं ओरडायचा प्रयत्न करत होते. "पानं कोणी फाडली नाहीत! ऐकलंस का? चूक माझी! पोरीची नाही, माझी! वाक्य काढतोय मी!"

सगळ्या जिन्याला ऐकू गेलं. ज्या दारांतून एकतीस वर्षांपूर्वी डॉक्टरकाकांची निंदा झाली त्याच दारांत आता त्या घरांच्या सुना उभ्या होत्या, आणि कशाबद्दल चाललंय ते त्यांना काडीचं कळत नव्हतं. आप्पा कोणासमोर कबूल झाले, तर ज्यांना ते ठाऊकच नव्हतं त्यांच्यासमोर. ज्यांना ठाऊक होतं ते बहुतेक सगळे गेले.

डॉक्टरकाकांनी कपाळ कठड्याला टेकलं. त्यांचा मुलगा दारात येऊन गोंधळून बघत होता. मग त्यांनी बाहीने तोंड पुसलं.

"पण आलो समुद्रानेच!" ते ओरडले.

"डोंगराकडून!"

"पस्तीसात डोंगर बसत नाही तुझा!"

"बसवतो! दुसरी आवृत्ती काढीन!"

"काढ! जिवंत राहा मग!" आणि मला म्हणाले, हळू, "जपून ने हं त्याला वर." मुलाने दंडाला धरलं आणि ते रस्त्यापलीकडे गेले. टॅक्सीचं दार लागल्याचा आवाज आला. दारातल्या सुना एकेक करून आत गेल्या.

मी वर आले. आप्पा त्याच पायरीवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. ओरडून ओरडून धाप लागली होती. मी म्हटलं, पाणी आणते. नको म्हणाले. वर दीड मजला होता आणि तो कसा चढायचा याचा विचार मी करत होते. शेजाऱ्यांना हाक मारावी लागणार होती, खुर्ची आणावी लागणार होती, मग अकरावं प्रकरण पुन्हा लिहायचं, त्याचा सोळा पानांचा फर्मा नव्याने जुळवायचा, पुढच्या प्रकरणांतले सगळे सन बदलायचे. हे सगळं कोण करणार होतं ते मला माहीत होतं.

"तू पाहिलं होतंस म्हणालीस," आप्पा म्हणाले. "बोट चुकीच्या जागी गेलं ते."

"हो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"घाबरले."

"कोणाला?"

मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांना खरंच माहीत नव्हतं. चेहऱ्यावर तसंच होतं, अवघड गणित घातलेल्या पोरासारखं.

"तुम्हाला, आप्पा. घरात आणखी कोण होतं घाबरण्यासारखं?"

खालून टॅक्सी गेल्याचा आवाज आला आणि गल्लीतून बाहेर पडेपर्यंत येत राहिला.

"आणि सभेत? तेव्हा तर मोठी होतीस."

"तेव्हाही घाबरले."

"आणि काल? काल नाही घाबरलीस?"

रागावले होते म्हणावं, तर राग रात्रीच उतरला होता. शूर झाले म्हणावं, तर तेही खरं नव्हतं.

"काल दमले होते," मी म्हटलं. "खूप दमलेय, आप्पा. घाबरायलासुद्धा त्राण नाही राहिलं."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत, जणू एवढी वर्षं मी उभीच आहे हे त्यांना आत्ताच दिसलं होतं. मग एका हाताने कठडा धरून ते कष्टाने भिंतीकडे सरकले. पायरीवर एका माणसापुरती जागा झाली.

"मग बस ना," ते म्हणाले. "वर जायची घाई नाही. बस इथे."

मी बसले.